आरएम, डब्ल्यूएमव्ही, फ्लॅश: जुने जपानी नेट-व्हिडिओ शोधायचे आणि जपायचे कसे

२००२ सालच्या आसपासची एखादी जपानी फॅन-साइट तुम्हाला इंटरनेट अर्काइव्हमध्ये सापडते. आवडत्या गायिकेच्या नव्या गाण्याची पंधरा सेकंदांची जाहिरात, आणि खाली लाइनच्या वेगाप्रमाणे दोन लिंका: एकीवर लिहिलंय ५६के, दुसरीवर ३००के. क्लिक केलं की ब्राउझर एक चिमुकली फाइल उतरवतो आणि गप्प बसतो. ती जाहिरात यूट्यूबवर नाही, निकोनिको या जपानी व्हिडिओ-साइटवर नाही, कुठल्या डीव्हीडीतही आलेली नाही. बहुतेक नवखे इथेच नाद सोडतात. पण ती चिमुकली फाइल फेकू नका, कारण खरी वाट तिथूनच सुरू होते.

हा लेख साधारण १९९७ ते २००८ या काळातल्या जपानी मनोरंजनाच्या व्हिडिओंबद्दल आहे: आयडॉल (कंपन्यांनी घडवलेले तरुण गायक-कलाकार) आणि बँडच्या जाहिराती, अनिमेचे ट्रेलर, आवाज-कलाकारांचे नेट-रेडिओ, हौशी लोकांनी केलेली फ्लॅश अ‍ॅनिमेशन. जपानी येत असेल तर उत्तमच. पुण्यात तर जपानीच्या पहिल्या दोन पातळ्या केलेले गल्लोगल्ली भेटतात, आणि या कामाला तेवढं पुरतं. अजिबात येत नसेल तर निदान काताकाना लिपी वाचायला शिका. कलाकारांची, गाण्यांची, कंपन्यांची कितीतरी नावं त्याच लिपीत असतात.

त्या काळाचा अंदाज घ्या

हे व्हिडिओ एवढे लहान का, ते समजलं की शोधायचं काय तेही समजतं. जपानमध्ये तेव्हा फोनचं बिल मिनिटांवर चढायचं. एनटीटी कंपनीने १९९५ मध्ये ‘तेरेहोदाई’ नावाची योजना आणली: रात्री अकरा ते सकाळी आठ, ठरवून दिलेल्या नंबरांवर कितीही वेळ बोला, महिन्याचे पैसे ठरलेले. त्यामुळे रात्री अकराला अख्खा देश एकदम नेटवर यायचा आणि सगळं मंदावायचं. ज्यांनी आयएसडीएन ही डिजिटल फोनलाइन घेतली होती त्यांनाही ६४ किलोबिटच मिळायचे. अशा लाइनवर दिसेल असा व्हिडिओ म्हणजे १६० बाय १२० पिक्सेलची खिडकी, थोडी चैन केली तर ३२० बाय २४०. २००१ मध्ये याहू बीबीने स्वस्त एडीएसएल ब्रॉडबँड आणलं आणि मग ३००के, ५००केच्या लिंका दिसू लागल्या.

फॉरमॅटही या क्रमानेच बदलले. आधी रिअलनेटवर्क्सचा रिअलव्हिडिओ (डॉट आरएम) आणि अ‍ॅपलचा क्विकटाइम (डॉट एमओव्ही), मग मायक्रोसॉफ्टचा विंडोज मीडिया (डॉट एएसएफ, डॉट डब्ल्यूएमव्ही), सोबतीला फ्लॅश, आणि मोबाइलसाठी डोकोमो या फोन-कंपनीचं डॉट ३जीपी व एयू या दुसरीचं डॉट ३जी२ किंवा डॉट एएमसी. २००५ नंतर एफएलव्ही या फ्लॅशच्याच व्हिडिओ-फॉरमॅटने बाकीच्यांना मागे टाकलं. कुठल्या सालचा व्हिडिओ हवा आहे ते माहीत असेल, तर कुठल्या शेपटीची (नावात डॉटनंतर येणाऱ्या अक्षरांची) फाइल शोधायची ते जवळपास ठरूनच जातं.

पहिली पायरी: चिमुकली फाइल नोटपॅडमध्ये उघडा

क्लिक केल्यावर उतरलेल्या फाइलचं नाव बहुधा डॉट रॅम किंवा डॉट एएसएक्सने संपतं. हा व्हिडिओ नव्हे, साधा मजकूर आहे. नोटपॅडमध्ये उघडा. रॅममध्ये बहुधा एकच ओळ असते: सुरुवातीला आरटीएसपी किंवा त्याहून जुन्या फायलींत पीएनएम, मग सर्व्हरचं नाव, मग फोल्डर, आणि शेवटी डॉट आरएमने संपणारं खरं नाव. एएसएक्समध्ये कंसांच्या जंजाळात एमएमएसने सुरू होणारा पत्ता असतो, आणि बरेचदा व्हिडिओचं नाव व हक्क कोणाचे हेही लिहिलेलं असतं. ती माहिती लगेच उतरवून घ्या. मूळ पानावर नसलेलं शीर्षक इथे सापडल्याचं पुष्कळदा होतं.

आता घोडं अडतं कुठे, तर अर्काइव्हचे क्रॉलर (पानं गोळा करत फिरणारी सॉफ्टवेअर) फक्त एचटीटीपी ही वेबपानांची भाषा बोलायचे. आरटीएसपी आणि एमएमएसवरून वाहणारे व्हिडिओ त्यांनी उचललेच नाहीत. म्हणून पत्ता सापडतो आणि माल सापडत नाही. तरी तीन गोष्टी करून पाहायच्या.

एक, पत्त्याच्या सुरुवातीचं आरटीएसपी किंवा एमएमएस काढून तिथे एचटीटीपी घाला आणि तो पत्ता वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे अर्काइव्हच्या जुनी पानं दाखवणाऱ्या भागात टाका. पुष्कळ छोट्या कंपन्या एकाच मशीनवरून दोन्ही कामं चालवायच्या, त्यामुळे फाइल एचटीटीपीनेही उघडी असायची. रिअलच्या सर्व्हरवर पत्त्यात मध्येच ‘रॅमजेन’ असा शब्द दिसला, तर तो काढून उरलेला पत्ता वापरून पाहा. रॅमजेन हे प्रत्यक्षातलं फोल्डरच नाही. सर्व्हर त्या जागी रॅम फाइल तयार करून द्यायचा, एवढंच.

दोन, नावातला वेग बदला. ५६केची फाइल सापडली तर त्याच जागी ३००के, १००के, २८के, आयएसडीएन, एडीएसएल, ‘एच’, ‘एल’ असं घालून पाहा. त्या काळचे वेबमास्टर नावं ठेवण्यात फार कल्पक नव्हते, ते आपल्या पथ्यावर पडतं. सीएम०१ (सीएम म्हणजे जाहिरात) असेल तर बहुधा सीएम०२ असतंच.

तीन, एमओव्हीने संपणारी फाइल फक्त एक-दोन किलोबाइटची असेल तर ती खराब आहे असं समजू नका. क्विकटाइममध्ये ‘रेफरन्स मूव्ही’ नावाचा प्रकार होता. ती फाइल प्रेक्षकाच्या लाइनचा वेग बघून त्याला वेगवेगळ्या खऱ्या फायलींकडे पाठवायची. कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडलीत तर आत त्या सगळ्या फायलींची नावं सरळ वाचता येतात. मला तरी या सगळ्या खटाटोपात ही सर्वांत समाधानाची जागा वाटते: मोडकी दिसणारी फाइल उघडावी आणि आत चार पत्ते मिळावेत.

दुसरी पायरी: पान सोडा, अख्ख्या साइटची यादी मागा

वेबॅक मशीनमध्ये एकेक पान उघडत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि तारांकन घाला, की त्या पत्त्याखाली जतन झालेल्या सगळ्या फायलींची यादी येते. वर गाळणीची चौकट असते, तिथे एकेक शेपटी टाकून बघा. साइट मोठी असेल तर यादी अर्धवटच दिसते. अशा वेळी एकेका फोल्डरची यादी मागा, किंवा अर्काइव्हची सीडीएक्स नावाची मजकुरी यादी वापरा. तिच्यात साल, फाइलचा प्रकार, आकार यांवर गाळता येतं.

प्रकारावर फार विसंबू नका. रिअलव्हिडिओच्या फायली त्या यादीत बरेचदा ‘ऑडिओ’ म्हणून नोंदलेल्या असतात, कारण रिअलची सुरुवात आवाजापासून झाली आणि सर्व्हरवर तीच जुनी नोंद राहिली. काही सर्व्हरना या शेपट्या माहीतच नव्हत्या, त्यामुळे पाच मेगाबाइटची फाइल ‘साधा मजकूर’ म्हणून नोंदलेली सापडते. म्हणून प्रकार, शेपटी आणि आकार अशा तिन्ही वाटांनी गाळा.

फाइल उतरवताना पत्त्यातल्या चौदा आकडी तारखेला लागून ‘आयडी’ ही दोन रोमन अक्षरं आणि अंडरस्कोर जोडा. त्याने अर्काइव्ह स्वतःचं काहीही न मिसळता मूळ फाइल देतं. उतरल्यावर आकार बघा. आरएम शेपटीची फाइल दोन किलोबाइटची असेल तर बहुधा ते ‘पान सापडलं नाही’चं पान आहे, नोटपॅडमध्ये लगेच कळेल. एकाच पत्त्याच्या अनेक तारखा असतील तर सर्वांत मोठ्या आकाराची प्रत घ्या, बाकीच्या कदाचित अर्ध्यावर तुटलेल्या असतील.

फॅन-साइटींसाठी याहू जिओसिटीज जपान ही मोठी खाण. अमेरिकेतली जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, पण जपानची ३१ मार्च २०१९ पर्यंत चालली, आणि बंद होण्याआधी अर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी तिथलं बरंच काही उचललं. तिथले जुने पत्ते मोहल्ल्यांप्रमाणे लावलेले असत: अनिमेकॉमिक, म्युझिकस्टार, हॉलिवूड असं विभागाचं नाव आणि पुढे घर नंबर. एक घर सापडलं की शेजारची घरंही ठोठावता येतात. शिवाय प्रत्येक फॅन-साइटवर लिंकांचं एक पान असतं, २०० बाय ४० पिक्सेलच्या पट्ट्यांनी भरलेलं. शोधयंत्रापेक्षा त्या पट्ट्यांवरून जास्त सापडतं, कारण कितीतरी जपानी फॅन आपली साइट शोधयंत्रात येऊ नये म्हणून मुद्दाम काळजी घेत. त्या संस्कृतीत तो शिष्टाचार होता. कोणी पानावर ‘इथलं काही दुसरीकडे टाकू नका’ असं लिहून ठेवलं असेल तर तुमच्या प्रतीसोबत तेही जपा आणि पाळा.

जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘वार्प’ हा वेब-संग्रह २००२ पासून आहे, पण कायद्याने त्यांना सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या साइट गोळा करता येतात. खासगी साइट परवानगी घेऊनच. त्यामुळे आयडॉलच्या जाहिराती तिथे शोधायला जाऊ नका.

नेटबाहेरचा माल

खरं सांगायचं तर चांगल्या दर्जाच्या प्रती नेटपेक्षा चकत्यांवर जास्त मिळतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी संगणक आणि गेमच्या मासिकांसोबत सीडी-रॉम यायची, आणि तीत ट्रेलर ठासून भरलेले असायचे. काही सिंगल्स ‘सीडी एक्स्ट्रा’ म्हणून निघाल्या: ऑडिओ प्लेअरमध्ये गाणी, संगणकात घातली की क्विकटाइममधला व्हिडिओ. जपानमधल्या बुक-ऑफ, हार्ड-ऑफसारख्या जुन्या मालाच्या दुकानांत किंवा याहूच्या लिलावात या चकत्या निघतात. जपानमध्ये राहणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या सुटकेसला विनवा. नाहीतर तिथे खरेदी करून इथे पाठवणाऱ्या मध्यस्थ सेवा आहेत, मात्र पोस्टेज आणि कस्टम धरून हिशोब करा. शंभर येनच्या चकतीला हजार रुपये सहज पडतात.

चकती हाती आली की आतला व्हिडिओ ओढून घेऊन थांबायचं नाही, अख्ख्या चकतीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढायची. सीडी एक्स्ट्रामध्ये दोन सत्रं असतात, एक ऑडिओचं आणि एक डेटाचं. साधी आयएसओ प्रतिमा काढलीत तर ऑडिओ जातो, म्हणून बिन आणि क्यू अशा जोडीत काढा. दुसरी गोम मॅकची. तेव्हाच्या बऱ्याच चकत्या विंडोज आणि मॅक दोन्हींसाठी मिश्र असायच्या, आणि विंडोजला त्यातला फक्त स्वतःचा भाग दिसतो. मॅकच्या भागात तोच व्हिडिओ मोठ्या आकारात असल्याचं अधूनमधून निघतं. प्रतिमा पूर्ण काढलेली असेल तर तो भाग नंतरही उघडता येतो.

जपानमध्ये एमओ (मॅग्नेटो-ऑप्टिकल) चकत्याही फार चालायच्या: साडेतीन इंची, जाड प्लॅस्टिकच्या खोक्यात, १२८, २३० किंवा ६४० मेगाबाइटच्या. आपल्याकडे त्या मुख्यत्वे छपाईच्या धंद्यात दिसल्या, तिथे मात्र घरीही वापरल्या जायच्या. जुन्या फॅनकडून वस्तू घेतलीत तर तीत एमओ निघू शकते. त्यासाठी वापरलेला यूएसबी ड्राइव्ह शोधावा लागेल.

विनी आणि विनएमएक्स ही फाइल-वाटपाची नावं वाचनात येतीलच. विनीचे कर्ते कानेको इसामू यांना २००४ मध्ये अटक झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते निर्दोष ठरले. इतिहास म्हणून वाचा, पण त्या जाळ्यात आज उतरू नका. तिथे पसरलेल्या अँटिनी व्हायरसने लोकांच्या खासगी फायली जगजाहीर केल्या होत्या, आणि तिथला माल कुठून आला याचा काहीच पत्ता लागत नाही.

फाइल हाती आल्यावर: आधी प्रत, मग डबलक्लिक

सापडलेली फाइल आहे तशी एका फोल्डरमध्ये ठेवा, तिला ‘फक्त वाचा’ अशी खूण करा, आणि तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिची ओळख पटवणारा आकडा) काढून मजकूर फाइलमध्ये लिहा. पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर. ही सवय कंटाळवाणी आहे, पण पुढे एकाच जाहिरातीच्या सात प्रती जमल्या की कुठली वेगळी आणि कुठली तीच, हे चेकसम क्षणात सांगतो.

मग फाइल खरोखर कशाची आहे ते तपासा. शेपटीवर विश्वास नको, पोटात बघा. हेक्स एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं डॉट-आर-एम-एफ असतील तर रिअल. एफ-डब्ल्यू-एस किंवा सी-डब्ल्यू-एस असेल तर फ्लॅशची एसडब्ल्यूएफ, त्यातली दुसरी दाबून लहान केलेली. एफ-एल-व्ही म्हणजे एफएलव्ही. क्विकटाइममध्ये पाचव्या ते आठव्या जागी ‘मूव्ह’ किंवा ‘एमडॅट’ असा शब्द दिसतो. आणि सुरुवातीला ३०, २६, बी२, ७५ असे हेक्स आकडे दिसले तर विंडोज मीडिया. हे नको असेल तर मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर हीच माहिती देतं, वर कोडेकही (व्हिडिओ-आवाज दाबून लहान करायची पद्धत) सांगतं.

तुटलेली फाइल असेल तर काय हाती लागेल हे फॉरमॅटवर ठरतं. रिअलमध्ये अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे तुटलेली फाइल चालते, फक्त पुढे-मागे सरकवता येत नाही. क्विकटाइमचा ‘मूव्ह’ भाग, म्हणजे तिची अनुक्रमणिका, फाइलच्या शेवटी असेल आणि तोच तुटला असेल, तर नुसत्या डेटावरून चित्र उभं करणं महाकठीण. तरीही टाकू नका. दुसरीकडून दुसरी अर्धी मिळू शकते.

चालवायला जुना रिअलप्लेअर शोधत बसू नका. कुठल्याशा साइटवरचा ‘कोडेक पॅक’ही नको, त्यातून नस्ती आफत येते. विंडोजवरचा क्विकटाइम तर २०१६ पासून असुरक्षित म्हणून काढून टाकायला सांगितलेला आहे. व्हीएलसी किंवा एमपीव्ही घ्या. दोन्हींच्या मागे एफएफएमपेगची कोडेक-ग्रंथालयं आहेत, आणि त्यांना रिअलव्हिडिओच्या चारही पिढ्या, कुक व सिप्रो हे रिअलचे आवाज, सोरेन्सन, सिनेपॅक, इंडिओ, डब्ल्यूएमव्ही, व्हीपी६ हे सगळं वाचता येतं. एनटीटीचा ट्विनव्हीक्यू हा अस्सल जपानी ऑडिओ फॉरमॅटसुद्धा.

अडते ती गाडी डीआरएम या डिजिटल कुलपापाशी. २००५ मध्ये युसेन कंपनीने सुरू केलेल्या ग्याओसारख्या व्हिडिओ-सेवा विंडोज मीडिया कुलूपबंद करून द्यायच्या. किल्ली दर वेळी सर्व्हरकडून यायची. ग्याओ ३१ मार्च २०२३ ला बंद झाली. अशी फाइल हाती आली तर नोंद करा, जपून ठेवा, आणि कुलूप तोडायच्या मागे लागू नका. जपानच्या कायद्यात खासगी वापरासाठीही तशी सूट नाही.

बघायची प्रत बनवताना

मूळ फाइल हीच जपायची वस्तू. रूपांतर केलेली प्रत फक्त बघण्यासाठी. लोक इथे उलटं करतात: एमपी४ बनवतात, ‘आता सगळीकडे चालतं’ म्हणून आरएम पुसून टाकतात. रिअलच्या ‘शुअरस्ट्रीम’ फायलींत तर एकाच फाइलमध्ये चार-पाच वेगांच्या आवृत्त्या असायच्या. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर त्यातली एक उचलतं, आणि ती सर्वांत चांगली असेलच असं नाही. म्हणून आधी एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने आत किती धारा (वेगवेगळ्या वेगांच्या आवृत्त्या) आहेत ते पाहा, सर्वांत जास्त बिटरेटची धारा निवडा, मग रूपांतर करा.

रूपांतरासाठी एच२६४ कोडेक, गुणवत्तेचा आकडा (सीआरएफ) १६ ते १८, मूळ आकार तोच. ३२० बाय २४० ला १०८० करू नका. आजकाल एआयने चेहरे ‘सुधारून’ देणारी साधनं आली आहेत. ती वापरली की गायिकेचा चेहरा गुळगुळीत होतो आणि तिचा राहत नाही. बघताना प्लेअरने मोठं करू द्या, फाइल तशीच राहू द्या. दुसरी काळजी फ्रेमच्या वेळेची. कमी वेगाच्या आरएममध्ये फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीत, कधी सेकंदाला पंधरा, कधी पाच. सक्तीने एकसारखी गती लावली की फ्रेम गळतात किंवा दुपटीने येतात, म्हणून बदलती गती तशीच राखायचा पर्याय निवडा. काम झाल्यावर शेवटच्या दहा सेकंदांत ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. घसरण असेल तर ती तिथे सर्वांत जास्त दिसते.

फ्लॅशचं वेगळं आहे

२००१ ते २००५ च्या सुमारास जपानमध्ये हौशी फ्लॅश अ‍ॅनिमेशनची लाट होती. निचान्नेरू या चर्चास्थळावरची, अक्षरांनी काढलेली मोना नावाची मांजर आणि तिचं गोतावळं त्यात नाचायचं, गायचं, रडवायचंसुद्धा. हे व्हिडिओ नव्हते, रेषा आणि सूचनांचे कार्यक्रम होते. त्यांचा एमपी४ केला की बटणं, लपवलेले प्रसंग, शेवटी पुन्हा खेळायची सोय, सगळं जातं. एसडब्ल्यूएफच जपा. फ्लॅश प्लेअर २०२० अखेर बंद झाला, पण रफल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर बरंचसं चालवून दाखवतं, आणि फ्लॅशपॉइंट या संग्रहात हजारो जुन्या कलाकृती चालत्या स्वरूपात आहेत. तुम्ही शोधताय ती कदाचित तिथे आधीच असेल, म्हणून आधी तिथे बघा.

फ्लॅश ५ पर्यंतच्या फायलींतली जपानी अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत, शिफ्ट-जिस या जुन्या सांकेतीकरणात आहेत. जपानीवर न लावलेल्या संगणकावर ती कचऱ्यासारखी दिसतात. फाइल बिघडलेली नाही, सांकेतीकरण बदललं की अक्षरं येतात. अशी फाइल बाहेरून चित्रं किंवा गाणं मागवते का तेही पाहा. मागवत असेल तर त्या फायलीही त्याच फोल्डर-रचनेत हव्यात.

निकोनिकोबद्दल एवढंच: सेवा डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली, आणि तिथे चित्रावरून सरकत जाणाऱ्या प्रतिक्रिया हाच अर्धा कार्यक्रम असतो. त्या व्हिडिओत नसतात, वेगळ्या फाइलमध्ये असतात. कोणाकडून जुनी फाइल मिळाली तर प्रतिक्रियाही मागा. आणि नावात ‘लो’ असं दिसलं तर ती गर्दीच्या वेळच्या ‘इकॉनॉमी’ दर्जाची प्रत आहे, अधिक चांगली शोधा.

नावं, तारखा आणि अक्षरांचे घोळ

जपानी फायली बरेचदा एलझेडएच नावाच्या गठ्ठ्यात येतात. सेव्हन-झिपने तो उघडतो, पण आतली नावं शिफ्ट-जिसमध्ये असल्याने विस्कटू शकतात. या सांकेतीकरणात एक जुनी खोड आहे: काताकानातल्या ‘सो’ या अक्षराचा दुसरा बाइट आणि विंडोजची उलटी तिरकी रेघ एकच. त्यामुळे नावात ‘सो’ आला की काही सॉफ्टवेअरना तिथे फोल्डर संपला असं वाटतं आणि फाइल उघडतच नाही. संगणकाची भाषा जपानीवर लावून, किंवा आभासी यंत्रात जपानी विंडोज एक्सपी टाकून गठ्ठा सोडवा, मग नाव बदला. मूळ नाव मात्र नोंदवहीत लिहून ठेवा.

तारखांमध्ये दोन सापळे. जपानी पानांवर साल सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे असू शकतं. हेइसेई १२ म्हणजे २००० (हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवा). ‘१२/०३/०४’ असं दिसलं तर ते २०१२ आहे की हेइसेई १२ हे संदर्भावरूनच ठरवा. दुसरा सापळा टीव्हीच्या वेळेचा. रात्री उशिराचे कार्यक्रम तिथे ‘२५:३०’ असे लिहितात, म्हणजे मध्यरात्रीनंतरचे दीड. मंगळवारी २५:३० चा कार्यक्रम आपल्या हिशोबाने बुधवारी पहाटे दीडला झाला. नोंदीत जसं छापलंय तसं आधी लिहा, पुढे आपली तारीख लिहा.

प्रत्येक व्हिडिओसोबत एक साधी मजकूर फाइल हवी: कुठल्या पत्त्यावरून, अर्काइव्हच्या कुठल्या तारखेच्या प्रतीतून, तुम्ही कधी उतरवला, मूळ नाव, चेकसम, कोडेक, आणि ज्या पानावर लिंक होती त्या पानाची प्रत. रॅम किंवा एएसएक्स फाइलही तिथेच ठेवा. व्हिडिओ न सापडता नुसता पत्ताच सापडला असेल तरी नोंद करा. असं काही होतं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो, आणि पुढे कोणाच्या तरी सीडीवर ती फाइल निघाली तर ओळख पटवायला हीच नोंद लागते.

ठेवायचं कुठे, दाखवायचं कुणाला

हे व्हिडिओ इतके लहान आहेत की तीन प्रती ठेवायला काही पडत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे. मुंबई-कोकणात राहत असाल तर आणलेल्या सीडी आणि एमओ पावसाळ्यात कपाटात नुसत्या ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या दर मोसमाला बदला.

सार्वजनिक चढवण्याबाबत माझं मत कडक आहे. कंपनीने जाहिरात म्हणून फुकट वाटलेला व्हिडिओ असला तरी हक्क कंपनीचे आणि कलाकाराचेच राहतात. बेकायदा चढवलेली गाणी आणि व्हिडिओ जाणूनबुजून उतरवणं जपानमध्ये २०१० पासून बेकायदा आहे, २०१२ पासून काही बाबतींत शिक्षाही आहे, आणि २०२१ पासून हा नियम बाकीच्या साहित्यालाही लागू झाला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला आणि संशोधनाला काही मुभा आहे, पण चॅनेल काढून जाहिराती दाखवत पैसे मिळवणं त्यात बसत नाही. हौशी फ्लॅशच्या बाबतीत तर कर्ता हयात असतो, कधी कधी त्याच टोपणनावाने अजून काम करत असतो. त्याला दोन ओळींचं नम्र जपानी पत्र लिहा. पुष्कळांना आपली स्वतःचीच फाइल हरवल्याचं दुःख असतं, आणि ते तुमच्याकडे प्रत मागतात.

फाइल उघड करता येत नसली तरी यादी उघड करायला हरकत नाही. नाव, लांबी, आकार, चेकसम आणि मूळ पत्ता एवढं लिहून ठेवलंत, तर तोच व्हिडिओ शोधणाऱ्या दुसऱ्या माणसाला कळतं की त्याची तुटकी प्रत तुमच्या तुटक्या प्रतीला जुळते की नाही. ‘जुळतात’ असं निघालं तर त्याच्याकडून सुरुवातीचा भाग, तुमच्याकडून शेवटचा, आणि जोडायच्या आधी दोन्ही अर्ध्यांचे चेकसम वेगवेगळे लिहून ठेवा.